रविवारी रात्री ताबा का सुटतो?

एका २६ वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलून सारांश देते. शाळेत त्यांना सगळे ‘ढोल्या’ म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला, म्हणून त्यांनी जिम सुरू केली. वजन उतरलं, रक्तदाब आटोक्यात आला, जिने चढताना लागणारा दम गेला. त्यानंतर ते फिटनेसचे व्हिडिओ बघायला लागले आणि सिक्स पॅक करायचेच, असं मनाशी पक्कं झालं. आता सकाळी जिम, संध्याकाळी पळणं. खाणं ॲपनं ठरवून दिलेल्या १,६०० कॅलरींत, तेही काट्यावर तोलून. मित्रांबरोबर बाहेर जाणं बंद, कारण तिथल्या कॅलरी मोजता येत नाहीत. गुडघा दुखतो, पण एक दिवस सुट्टी घेतली तरी अपराधी वाटतं. सोमवार ते शनिवार सगळं काटेकोर चालतं आणि रविवारी रात्री, घरचे झोपल्यावर, पोट दुखेपर्यंत खाणं होतं. सोमवारी शिक्षा म्हणून उपाशीपोटी दुप्पट व्यायाम. आई म्हणते, याला वेड लागलंय. सोळा वर्षांच्या बहिणीनं याचं बघून सकाळचं खाणं सोडलंय. त्यांचा प्रश्न असा: ‘बाकीच्यांना जमतं, मग मलाच का जमत नाही? इच्छाशक्ती वाढवण्यासाठी काय करू?’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. इच्छाशक्ती वाढवायची काहीही गरज नाही. सहा दिवस भूक मारून, दुखऱ्या गुडघ्यानं दोन-दोन वेळा व्यायाम करणाऱ्या माणसाकडे ती गरजेपेक्षा जास्तच आहे. रविवारी रात्री जे होतं ते तुमचं शरीर करतं. तुम्ही उपाशी आहात आणि ते तुम्हाला जगवायला बघतंय.

हे नुसतं समजूत काढायला म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. युद्धामुळे युरोपात असंख्य लोक उपासमारीत होते आणि त्यांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे शोधायचं होतं. ३६ तरुण त्यासाठी स्वतःहून पुढे आले. शरीरानं धडधाकट, मनानं खंबीर, असे पारखून घेतलेले. त्यांना आधी दिवसाला साधारण ३,२०० कॅलरी मिळत होत्या. मग २४ आठवडे त्या निम्म्यावर आणल्या, सरासरी सुमारे १,५७०. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं. त्या प्रयोगात या आहाराला अर्ध-उपासमार असं नाव होतं. तुमच्या ॲपनं तुम्हाला दिलेला आकडा त्याहून जेमतेम तीस कॅलरींनी जास्त आहे, आणि तुमचा व्यायाम त्यांच्या चालण्यापेक्षा कितीतरी जड.

त्या तरुणांचं वजन सुमारे चतुर्थांश घटलं, पण ते मी बाजूला ठेवते. त्यांच्या मनाचं काय झालं ते बघा. बोलायला खाण्याशिवाय विषय उरला नाही. ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं ते पाककृतींची पुस्तकं तासन्‌तास वाचायला लागले. जेवण लांबावं म्हणून त्यात पाणी मिसळायचं, घास तोंडात घोळवत ठेवायचा, ताटली चाटून पुसून काढायची. माणसं चिडचिडी झाली, उदास झाली, मित्रांत मिसळेनाशी झाली, लैंगिक इच्छा मावळली. काहींचा तोल सुटला, त्यांनी चोरून खाल्लं आणि नंतर शरमेनं खचले. प्रयोग संपल्यावर काहीजण पोट तुडुंब भरलं तरी खात राहायचे आणि तरीही भूक शमली नाही म्हणायचे. यातल्या कुणाला सिक्स पॅक नको होते, कुणाला आरशाचा त्रास नव्हता. नुसतं कमी खाणं एवढ्यानं हे सगळं घडलं.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. डोक्यात दिवसभर खाणं, मित्रांपासून तुटणं, लपून खाणं, नंतरची शरम. तुमची आणि त्यांची परिस्थिती तंतोतंत सारखी आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या रविवारमुळे तुमची तूट थोडीफार भरून निघते, त्यांची निघत नव्हती. पण ज्याला तुम्ही स्वभावातला दोष समजून बसला आहात, तो उपाशी शरीराचा ठरलेला प्रतिसाद आहे. त्याच्यावर आणखी कडक शिस्त लादली, तर पुढचा रविवार आणखी जोरात येईल.

सोमवारी सकाळी वजनकाट्यावर दिसणाऱ्या आकड्याबद्दलही सांगते, कारण तुम्ही लिहिलंय की एका रात्रीत दोन किलो वाढलेलं बघून ‘आठवड्याची मेहनत वाया गेली’ असं वाटतं. ती सगळी चरबी नाही. आपण खाल्लेली कर्बोदकं शरीर ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवतं आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. सहा दिवस रिकामी झालेली ही साठवण रविवारी भरते. त्यात पोटातलं अन्न आणि मिठामुळे थांबलेलं पाणी मिळवा. ज्या आकड्याची शिक्षा तुम्ही सोमवारी भोगता, त्यातला बराचसा भाग निव्वळ पाणी असतो.

‘बाकीच्यांना जमतं’ या तुमच्या वाक्यावर मी जास्त वेळ अडले. हे बाकीचे कोण? पत्रात तुम्ही शेजारच्या कुणाचं, ऑफिसातल्या कुणाचं किंवा मित्राचं नाव घेतलेलं नाही. ते सगळे पडद्यावरचे आहेत. आणि पडद्यावर दिसणारं शरीर हे बहुतेक वेळा एका दिवसाचं, कधीकधी तर एका तासाचं शरीर असतं. अभिनेता हेन्री कॅविल यानं २०१९ मध्ये एका मुलाखतीत उघडपणे सांगितलं की उघड्या अंगाच्या दृश्यासाठी तो तीन दिवस पाणी कमी-कमी करत नेतो आणि शेवटच्या दिवशी तर पीतच नाही. ह्यू जॅकमननंही अशाच निर्जलीकरणाबद्दल सांगितलं आहे. कातडीखालचं पाणी कमी झालं की स्नायू कोरल्यासारखे दिसतात, एवढंच त्यामागचं गणित. त्यात भर म्हणून बाजूनं पडणारा प्रकाश, फोटोच्या आधी मारलेले दहा-पंधरा पुशअप्स, आत ओढलेलं पोट आणि शंभरातून निवडलेली एक फ्रेम. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे दोन्ही फोटो एकाच दुपारी काढता येतात.

जे खरोखर तिथपर्यंत पोचतात, त्यांचं काय होतं? २०१३ मध्ये क्रीडाविज्ञानाच्या एका नियतकालिकात एका शरीरसौष्ठवपटूचा वर्षभराचा अभ्यास छापून आला. हा २६-२७ वर्षांचा खेळाडू, कुठलंही औषध न घेता स्पर्धेची तयारी करणारा. सहा महिन्यांत त्यानं शरीरातली चरबी जवळपास १५ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आणली. त्याच काळात त्याचं टेस्टोस्टेरॉन पूर्वीच्या चतुर्थांशावर आलं आणि विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ पर्यंत उतरले. स्पर्धेनंतर चरबी परत आली, तेव्हा हे आकडेही सावरले. हा माणूस अनुभवी होता, त्याच्यावर तज्ज्ञांचं लक्ष होतं आणि ते शरीर त्यालाही कायम ठेवायचं नव्हतं. तुम्ही मात्र तेच शरीर नोकरी सांभाळून, एकट्यानं, बारा महिने टिकवायचं म्हणताय. काहींची ठेवणच अशी असते की पोटावर चरबी कमी साठते, आणि काहीजण स्टेरॉइड घेतात पण व्हिडिओत सांगत नाहीत. तुम्हाला यातलं काहीच दिसत नाही. तुम्हाला फक्त पोट दिसतं.

तुम्ही म्हणाल, हे खोटं असतं हे मलाही ठाऊक आहे. बरोबर, बहुतेकांना ठाऊक असतं, आणि तरी फरक पडत नाही. फ्रान्सनं २०१७ पासून आणि नॉर्वेनं २०२२ पासून जाहिरातींत शरीर बदलून दाखवलं असेल तर तसं छापण्याची सक्ती केली. अशा सूचनांवर जे अभ्यास झाले, त्यांत बहुतेक ठिकाणी असं दिसलं की सूचना वाचूनही बघणाऱ्याला स्वतःच्या शरीराबद्दल तितकंच वाईट वाटतं. तुलना ही विचार करून होत नाही, डोळ्यांपुढे आलं की होऊन जाते. म्हणून ‘मी बघेन, पण मनावर घेणार नाही’ या बेताला माझा विरोध आहे. कमी बघणं हाच उपाय. रात्री अंथरुणात तुम्ही एखाद्या व्हिडिओवर दहा सेकंद रेंगाळलात, तर व्हिडिओ सुचवणाऱ्या यंत्रणेला तेवढंच हवं असतं. उद्या ती तसलेच आणखी वीस आणून टाकते, आणि महिनाभरात तुम्हाला वाटायला लागतं की जगातले सगळे पुरुष असेच दिसतात.

एक गोष्ट तुम्ही पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलीत आणि नंतर तिच्याकडे वळूनही पाहिलं नाहीत: ‘ढोल्या’. रोज कोट्यवधी लोक असे व्हिडिओ बघतात आणि सगळ्यांचं तुमच्यासारखं होत नाही. ज्याला लहानपणी शरीरावरून हिणवलं गेलं, त्याच्या मनात तो व्हिडिओ आयती जागा शोधतो. तो ट्रेनर कॅमेऱ्यात बघून ‘कारणं देऊ नका’ म्हणतो, तेव्हा तुम्हाला वर्गातले आवाज ऐकू येत असणार. त्या मुलांना उत्तर द्यायचं राहून गेलं आणि ते पोटाच्या आडव्या रेषांतून द्यायचं ठरलं, असं तर नाही? मी खात्रीनं सांगू शकत नाही. तुम्ही शांतपणे विचार करून बघा. कारण हे खरं असेल, तर सिक्स पॅक होऊनही ते उत्तर पुरणार नाही. मग खांदे बारीक वाटतील, मग दंड.

अशा अवस्थेला नाव आहे. १९९० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यायाम करणाऱ्या पुरुषांमध्ये ती नोंदवली: शरीर पिळदार असूनही ते आपल्याला किरकोळच दिसतं आणि सगळं आयुष्य त्याभोवती फिरायला लागतं. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत मसल डिसमॉर्फिया म्हणून तिची नोंद आहे. तुम्हाला ती आहे का, हे पत्रावरून ठरवता येत नाही आणि मी ठरवणारही नाही. तज्ज्ञाला भेटा असं मी पुढे म्हणणार आहे ते याचसाठी. खाण्याचे आजार म्हणजे मुलींचं काहीतरी, हा समज पुरुषांना फार महागात पडतो. वर्षानुवर्षं ते कुणाला सांगतच नाहीत. मुलीनं जेवण टाळलं की घर काळजी करतं आणि मुलानं टाळलं की लोक त्याच्या शिस्तीचं कौतुक करतात.

मग आता करायचं काय? आहे तसंच जास्त नेटानं चालू ठेवणं, हा पर्याय मी बाद करते. दुसरा पर्याय तुमच्या आईच्या मनात दिसतो: जिम बंद, ॲप बंद, पोटभर जेव. त्यांची काळजी मला समजते, पण व्यायामानं तुम्हाला खरंच खूप काही दिलंय. रक्तदाब उतरला, दम गेला, आत्मविश्वास आला. हे सगळं तुम्हाला पहिल्या वर्षात मिळालं, सिक्स पॅकचा विषय निघण्याआधी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम सुचवते. तुम्ही रोज दोन तासांच्या वर जाता. तेव्हा व्यायाम ठेवायचा, पण पहिल्या वर्षीच्या मापात आणावा, असं माझं मत आहे. चांगलं दिसावंसं वाटणं यात गैर काही नाही. पण त्यापायी तुमचे मित्र सुटले, गुडघा दुखावला आणि झोपही बिघडली. एवढी किंमत फार झाली.

सुरुवात गुडघ्यापासून करा. या आठवड्यात पळणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. त्याच फेरीत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा आणि सगळं सांगा. कॅलरी, व्यायामाचे तास, पावडरी-गोळ्या घेत असाल तर त्या, आणि रविवारही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्येच मांडलंय की खर्चाच्या मानानं खाणं सतत कमी पडलं, तर स्त्री-पुरुष दोघांचेही हार्मोन, हाडं, प्रतिकारशक्ती आणि हृदय यांवर परिणाम होतो. सारखी थंडी वाजणं, थकवा, कामेच्छा कमी होणं, वारंवार दुखापत, नाडी फार मंद होणं या तक्रारी लाजेखातर गिळू नका. चक्कर येऊन पडलात, छातीत धडधड झाली, खाल्लेलं उलटून टाकावंसं वाटलं किंवा जगणं नको असं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

खाण्याबाबत पहिला बदल रविवारी करायचा नाही, सोमवारी करायचा. आदल्या रात्री काहीही झालं असो, सोमवारी सकाळी वेळेवर खा. भूक नसली तरी थोडं. या चक्रात तुमच्या हातात असलेला दुवा हाच आहे, कारण सोमवारचा उपास पुढच्या रविवारची तयारी करतो. दिवसात तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा काहीतरी, जागेपणी दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. अनावर खाण्यावरच्या उपचारांत तज्ज्ञ सुरुवात इथूनच करतात. काटा एकदम फेकून देणं तुम्हाला झेपणार नाही, तसा आग्रहही नाही. आधी एकच जेवण न तोलता घ्या, शक्यतो घरच्यांबरोबर बसून. पहिले काही आठवडे अस्वस्थ वाटेल, वजन थोडं वर जाईल, एखादा रविवार पुन्हा निसटेल. म्हणजे उपाय फसला असं समजू नका. कॅलरी किती असाव्यात हे मात्र ॲपला विचारू नका. पात्रता असलेल्या आहारतज्ज्ञाकडे जा आणि पहिल्याच भेटीत सांगा की मला वजन कमी करायचं नाही, खाणं सुरळीत करायचंय. त्यानंही पुन्हा तक्ता आणि तोलणंच हातात दिलं, तर दुसरा शोधा. शाळेतलं आणि आरशातलं जे आहे, त्यासाठी समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवाच.

फोनचं काम एका संध्याकाळचं आहे. जी खाती बघून झाल्यावर तुम्ही शर्ट वर करून आरशात पोट बघता, ती सगळी बंद करा. तीच खूण धरा. कुणी कितीही शास्त्रशुद्ध बोलत असो. ‘यात रस नाही’ हे बटण सलग काही दिवस दाबत राहिलात की यादी हळूहळू बदलते. आणि एका मित्राला फोन करा. सगळं सांगायची गरज नाही, ‘शनिवारी भेटू’ एवढं पुरे. तिथे जे असेल ते खा. त्यात किती कॅलरी होत्या हे तुम्हाला कळणार नाही, आणि त्यानं काही बिघडणारही नाही.

आईला रविवारबद्दल सांगा. ‘वेड लागलंय’ हे शब्द टोचले असतील, पण त्यांना बाहेरून फक्त हट्ट दिसतोय. त्रास दिसला की त्यांची भाषा बदलेल, असं मला वाटतं. आणि हे वाचणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे: मूल बारीक झालं की ‘वा, किती छान दिसतोस’ आणि भरलं की ‘सुटलास रे’, ही दोन्ही वाक्यं घरातून हद्दपार करा. शरीरावरची शेरेबाजी, मग ती कौतुकाची का असेना, मुलाला एवढंच शिकवते की आपल्याकडे सतत कुणीतरी निरखून बघतंय.

आता तुमची बहीण, कारण मला जास्त घाई तिची वाटते. फिजीमध्ये भरलेल्या अंगाचं कौतुक असायचं. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. मानववंशशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी तो आला तेव्हा आणि पुन्हा तीन वर्षांनी, शाळकरी मुलींची पाहणी केली. पाहणी लहान होती, दर वेळी साठ-पासष्ट मुलींची. १९९५ मध्ये वजनासाठी उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती, १९९८ मध्ये ११.३ टक्के होत्या. तुमच्या बहिणीच्या हातात चोवीस तास फोन आहे, आणि शिवाय ज्याच्याकडे ती बघून शिकते तो भाऊ समोर बसून घास तोलतोय. हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. व्हिडिओतल्या कुणाहीपेक्षा तुमचा शब्द तिच्याजवळ जास्त चालेल, म्हणून लिहितेय.

तिला उपदेश करू नका, ‘तू बारीकच आहेस’ असंही म्हणू नका. त्यानं विषय पुन्हा शरीरावरच येतो. आपलं खरं सांगा: ‘मी सहा दिवस कमी खातो आणि सातव्या दिवशी माझा ताबा सुटतो. मला त्रास होतोय आणि मी डॉक्टरांकडे चाललोय.’ मग सकाळी तिच्याबरोबर बसून खा. तिला जेव म्हणायचं आणि आपण काटा काढायचा, हे चालणार नाही. पंधरा दिवसांत काही बदललं नाही, किंवा तिचं वजन झपाट्यानं उतरतंय, पाळी चुकतेय, जेवणानंतर ती लगेच बाथरूममध्ये जातेय, घरच्यांसमोर जेवणं टाळतेय असं काही दिसलं, तर वाट बघू नका. आईला बरोबर घेऊन तिला डॉक्टरांकडे न्या. या वयात उपचार जितके लवकर सुरू होतात तितकं पूर्ण बरं होणं सोपं जातं.